प्रस्तावपत्राला 'मान्य आहे, मात्र...' असं उत्तर दिलं, तर करार झाला की मोडला?

कागदीघोडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज गळ्याशी आलंय म्हणून पहिला धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी आणि माझा भागीदार यंत्रांच्या देखभालीची कामं घेतो. आम्ही दोघंच, बाकी लागतील तशी माणसं. मागच्या महिन्यात एका कंपनीकडून (नाव नको) रीतसर प्रस्तावपत्र आलं. लेटरहेड, जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं. एक वर्षाचं काम, यंत्रांची यादी, महिन्याला किती फेऱ्या, वर्षाची रक्कम, बिल दिल्यावर ३० दिवसांत पैसे. शेवटच्या तीन ओळी जशाच्या तशा देतो:

'हा प्रस्ताव पत्राच्या दिनांकापासून १५ दिवस वैध राहील. मान्य असल्यास सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती परत पाठवावी. सविस्तर करारनामा यथावकाश करण्यात येईल.'

चौथ्या दिवशी आम्ही ईमेल केली की प्रस्ताव मान्य आहे, मात्र पैसे १५ दिवसांत मिळावेत. लेखी उत्तर नाही. अकराव्या दिवशी भागीदार म्हणाला, जाऊ दे, काम तरी हातात घेऊ. मग दुसऱ्या प्रतीवर काहीही न खोडता सही केली, स्कॅन ईमेलने पाठवला आणि मूळ कागद त्याच दिवशी कुरियर केला. बाराव्या दिवशी उत्तर आलं: 'आपण आमचा प्रस्ताव अमान्य केल्याने काम अन्यत्र देण्यात आले आहे.'

अमान्य? आम्ही 'मान्य' हा शब्द लिहिलाय! शिवाय १५ दिवस संपलेच नव्हते. या कामासाठी एक माणूस पगारावर घेऊन बसलोय, तो वेगळाच. करार झाला होता की नाही?

एकओळी

स्टँप पेपरवर नव्हतं ना? मग करार नाही. विषय संपला.

काळाकोट

विषय संपलेला नाही. मुद्रांक हा महसुलाचा भाग. तो नसेल तर कागद पुराव्यात आणताना अडचण येते, दंड भरावा लागतो. पण देखभालीच्या कामासारखा करार साध्या कागदावर, ईमेलवर, अगदी तोंडीसुद्धा होतो. १८७२ चा भारतीय करार कायदा प्रस्ताव, स्वीकृती आणि प्रतिफल (म्हणजे बदल्यातला मोबदला) बघतो. (सरकारी मराठीत 'संविदा अधिनियम', पण तो शब्द काढला की लोक पान उलटतात.) काही व्यवहारांना लेखी किंवा नोंदणी लागते, तो वेगळा प्रांत.

आता कागदीघोडा, तुमचं. बातमी वाईट आहे. कलम ७ म्हणतं की स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त हवी. 'मान्य आहे, मात्र पैसे १५ दिवसांत मिळावेत' ही स्वीकृती नाही, तो प्रतिप्रस्ताव. आणि प्रतिप्रस्ताव नुसता हवेत तरंगत राहत नाही, मूळ प्रस्तावाला संपवून टाकतो. यावरचा सगळ्यात जुना, अजून रोज वापरला जाणारा दाखला म्हणजे १८४० चा हाइड विरुद्ध रेंच. रेंचने ६ जूनला आपली शेतजमीन १,००० पौंडांना देऊ केली. ८ जूनला हाइड म्हणाला, ९५० देतो. २७ जूनला रेंचने नकार कळवला. २९ जूनला हाइड म्हणतो, बरं, १,००० मान्य. रेंचने द्यायचं नाकारलं, हाइड कोर्टात गेला आणि हरला. ९५० म्हटलं त्या क्षणी १,००० चा प्रस्ताव मेला होता. नंतरचं 'मान्य' हा हाइडचा नवा प्रस्ताव, तो घ्यायचा की नाही ही रेंचची मर्जी.

तुमची अकराव्या दिवसाची सही तशीच दिसते.

दीडशहाणा

काळाकोट, हे फारच सोयीस्कर झालं. पत्रात १५ दिवस वैध असं कंपनीनेच छापलंय. शब्द दिला म्हणजे दिला. मध्येच कोणी भाव विचारला म्हणून दुकान बंद?

काळाकोट

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. 'प्रस्ताव मेला का' आणि 'मुदतीत मागे घेता येतो का'.

पहिल्याचं वर सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर ऐकून बरेच जण चमकतात. भारतात आणि इंग्लंडमध्ये, मुदत लिहिली असली तरी स्वीकृती येण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. मुदत पाळण्याच्या वचनासाठी समोरच्याने काही मोबदला दिला असेल तरच तो बांधला जातो. १८७६ च्या डिकिन्सन विरुद्ध डॉड्समध्ये 'शुक्रवारी सकाळी ९ पर्यंत खुला' असं लेखी होतं, तरी मालकाने गुरुवारीच मालमत्ता दुसऱ्याला विकली. खरेदीदाराला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं, म्हणून तो हरला.

मुदत लिहिण्याचा अर्थ एवढाच की तारीख उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो. ती दाराची कडी आहे, दार उघडं ठेवण्याची हमी नव्हे.

दीडशहाणा

म्हणजे १५ दिवस वैध लिहून तिसऱ्या दिवशी पळायला कायद्याची मुभा. छान.

काळाकोट

सगळीकडे नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम १४५ प्रमाणे प्रस्ताव देणारा एकदा दिला की बांधला जातो, बंधन नको असेल तर त्याने तसं आधीच लिहायचं. आपल्या बरोबर उलट. अमेरिकेत मालाच्या विक्रीपुरता व्यापाऱ्याने सहीनिशी दिलेला 'इतके दिवस खुला' हा शब्द मोबदल्याशिवायही पाळावा लागतो, जास्तीत जास्त ३ महिने. आणि आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार म्हणतो की ठरावीक मुदत लिहिली की प्रस्ताव मागे घेता येत नाही. भारत आणि ब्रिटन दोघेही त्यात नाहीत. समोरची पार्टी परदेशी असेल तर 'या कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू' ही ओळ का वाचावी, ते यावरून कळावं.

खरेदीखाते

मी टेबलाच्या पलीकडची. वीस वर्षं खरेदी विभागात अशी पत्रं लिहितेय, म्हणून आतली गोष्ट सांगते.

आमच्याकडे एका व्यवहारात किमान चार कागद फिरतात. आम्ही चौकशीपत्र पाठवतो, ते प्रस्ताव नाही, नुसतं 'या, बोला'. पुरवठादार कोटेशन देतो, म्हणजे दरपत्रक. ते बहुतेक वेळा प्रस्ताव असतं. मग आमची पर्चेस ऑर्डर जाते आणि तिच्या पाठीमागे बारीक अक्षरात आमच्या अटी. शेवटी पुरवठादार ऑर्डर मिळाल्याची पोच देतो, तिच्या पाठीमागे त्याच्या अटी. दोघंही पुढची बाजू वाचतात, मागची कोणी वाचत नाही. भांडण झालं की पहिल्यांदा कागद उलटतात.

मग कोणाच्या अटी लागू? इंग्लंडच्या अपील कोर्टासमोर हेच आलं होतं, बटलर मशीन टूल, निकाल १९७९ च्या अहवालात आहे. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये दरवाढीचं कलम, खरेदीदाराच्या ऑर्डरमध्ये ते नाही. ऑर्डरच्या तळाशी फाडून परत पाठवायची चिठ्ठी होती: 'आपली ऑर्डर त्यातील अटींवर स्वीकारतो.' विक्रेत्याने ती निमूटपणे सही करून पाठवली. तिथेच हरला. त्या दिवसापासून (म्हणजे मला हे कळलं त्या दिवसापासून) मी फाडायच्या चिठ्ठीवर कोणाला सही करू देत नाही.

सरकारी कामात ही अक्कल आधीच वापरलेली दिसते. निविदा सूचना हा प्रस्ताव नसतो, ठेकेदार भरतो तो देकार हा प्रस्ताव. देकार ठरावीक दिवस वैध ठेवायचा आणि मध्येच माघार घेतली तर अनामत जप्त. काळाकोट म्हणतात त्या 'मुदत पाळण्याच्या वचना'ला दात असे लावतात.

कागदीघोडा, तुमच्या ईमेलचे नेमके शब्द टाका. तुमचा गोषवारा नको. पुरवठादार स्वतःच्या पत्राचा गोषवारा नेहमी चुकीचा सांगतात, हा अनुभव आहे.

टपालहंशील

करार आणि टपाल म्हटलं की मला राहवत नाही. अवांतर वाटलं तर सोडून द्या, पण शेवटी मुद्द्यावर येतो.

२ सप्टेंबर १८१७. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी गिरणीवाल्यांना पत्र लिहिलं, एवढी लोकर देतो, परतीच्या टपालाने कळवा. पत्ता चुकीचा घातला, पत्र भलत्याच परगण्यात फिरून ५ तारखेच्या संध्याकाळी पोचलं. गिरणीवाल्यांनी त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला. इकडे व्यापाऱ्यांनी ७ पर्यंत वाट पाहिली आणि ८ ला लोकर दुसऱ्याला विकून टाकली. होकार पोचला ९ ला. कोर्टाने १८१८ मध्ये सांगितलं, होकार टपालात पडला तेव्हाच करार झाला, लोकर विकणाऱ्यांनी भरपाई द्यावी. ॲडम्स विरुद्ध लिंडसेल. न्यायालयाचा युक्तिवाद मला फार आवडतो: होकार पोचल्याचं कळेपर्यंत करार नाही म्हटलं, तर मग होकार पोचल्याची पोच, त्या पोचेची पोच, याला अंत कुठे?

उलटी गोष्ट १८८० ची, बर्न विरुद्ध व्हॅन टिएनहोव्हन. कार्डिफहून न्यूयॉर्कला पत्र: टिनच्या पत्र्याच्या १,००० पेट्या देतो. तारीख १ ऑक्टोबर १८७९. आठ तारखेला मन बदललं, माघारीचं पत्र टाकलं. पहिलं पत्र ११ ला पोचलं, त्याच दिवशी तारेने होकार गेला. माघारीचं पत्र पोचलं २० ला. करार झालेला. होकार टपालात पडला की लागू होतो, माघार मात्र पोचल्यावरच.

आपल्या १८७२ च्या कायद्यात कलम ४ आणि ५ ला हीच कल्पना थोडी वेगळी घडी घालून बसवली आहे. होकार पाठवणाऱ्याच्या हातातून सुटला की प्रस्ताव देणारा बांधला जातो. होकार देणारा मात्र तो समोरच्याला कळेपर्यंत मोकळा. म्हणजे टपालाने होकार पाठवून, तो पोचायच्या आत फोन करून माघार घेता येते. इंग्लंडमध्ये टपालातल्या होकाराचं असं करता येणं कठीण.

फोनवर मात्र टपालाचा नियम नाही. १९६६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकीच्या पेंडीवर आहे. अहमदाबादहून खामगावला फोनवर प्रस्ताव, खामगावहून होकार. करार कुठे झाला? बहुमत म्हणालं, जिथे होकार ऐकू आला तिथे, अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं, त्यांच्या मते कायद्याच्या शब्दांप्रमाणे तो खामगावात झाला. दोन्ही मतं वाचायला हवीत, गंमत आहे.

मुद्दा: काम दुसऱ्याला कितव्या दिवशी दिलं, यापेक्षा ते तुम्हाला कधी *कळवलं* हे बघा. तुमची सही अकराव्या दिवशी हातातून सुटली, माघार कळली बाराव्या. मूळ प्रस्ताव तोपर्यंत जिवंत असेल तर करार झाला.

काळाकोट

टपालहंशील, दंडवत. शेवटची ओळ अगदी बरोबर. फक्त तो 'जिवंत असेल तर' हाच सगळा वाद आहे.

नवी_पालवी

धागा हायजॅक करत नाही, पण माझंही ऑफर लेटरचंच आहे. नोकरीचं. सही करून पाठवलं, जुनीकडे राजीनामा दिला, आणि रुजू व्हायच्या आठवडाभर आधी नवीनवाले म्हणतात पद रद्द झालं. हे चालतं?

खरेदीखाते

पालवी, आधी पत्रातल्या 'अधीन' शब्दाच्या ओळी शोध. 'पूर्वेतिहास पडताळणीच्या अधीन', 'वैद्यकीय तपासणीच्या अधीन', 'नेमणूकपत्र दिल्यानंतरच लागू'. ऑफर लेटर आणि नेमणूकपत्र एकच नसतं बऱ्याच ठिकाणी.

काळाकोट

ताई म्हणतात ते आधी बघा. तसं काही नसेल आणि तुमची बिनशर्त सही मुदतीत पोचली असेल, तर करार झाला आणि तो त्यांनी मोडला. पण कोर्ट त्यांना 'हिला कामावर घ्या' असं सहसा सांगत नाही. वैयक्तिक सेवेचे करार जबरदस्तीने पाळायला लावत नाहीत. मिळाली तर भरपाई, तीही साधारणपणे नोटीस कालावधीच्या पगाराच्या आसपास घुटमळते. जुन्या ठिकाणी राजीनामा मागे घेता येतो का, हे आजच्या आज विचारा. त्यातून जास्त हाती लागेल.

नवी_पालवी

'अधीन' तीन वेळा आहे. धन्यवाद दोघांना. जुन्या साहेबांना फोन करते.

कागदीघोडा (धागाकर्ता)

खरेदीखाते ताई, तुमचं बरोबर निघालं. ईमेल शोधली. मी वर जे लिहिलं ते आठवणीतून होतं. नेमके शब्द असे:

'आपला दि. ... चा प्रस्ताव मान्य आहे. मात्र देयकाची रक्कम ३० ऐवजी १५ दिवसांत अदा करता येईल का, हे कृपया कळवावे.'

फरक पडतो का?

खरेदीखाते

पडतो का म्हणून काय विचारता! 'मिळावेत' आणि 'करता येईल का' यात सगळा खेळ आहे.

काळाकोट

मी माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. (स्वीकृती आली नसल्याने मागे घेता येतो.)

१८८० चाच आणखी एक निकाल, स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन. टनाला ४० शिलिंग रोख दराने लोखंड विकायचा प्रस्ताव, सोमवारपर्यंत खुला. खरेदीदाराने सोमवारी सकाळी तार केली: ४० च्या दराने दोन महिन्यांत माल घेतलेला चालेल का, नसेल तर जास्तीत जास्त किती मुदत द्याल, ते कळवा. उत्तर आलं नाही. त्याच दिवशी त्याने मूळ अटींवर होकाराची तार केली, तोवर विक्रेत्याने माल दुसऱ्याला विकून टाकला होता. कोर्ट म्हणालं, ती तार प्रतिप्रस्ताव नव्हती, नुसती चौकशी होती. प्रस्ताव जिवंत होता, करार झाला. तुमच्या गोष्टीत लोखंडाऐवजी देखभाल घाला.

उलट तुमच्या बाजूने त्याहून एक पायरी पुढेही बोलता येईल: पहिलं वाक्य पूर्णविरामासह 'मान्य आहे' म्हणतं. म्हणजे करार चौथ्याच दिवशी झाला, पुढची फक्त विनंती. यावर ते म्हणतील 'मात्र' आहे. 'मात्र' आलं की आधीच्या वाक्याला अट चिकटते. आणि म्हणतील, स्वीकृतीची पद्धत सही केलेली प्रत होती, ईमेल नव्हे. कलम ७ मध्ये त्याचंही उत्तर आहे: सांगितलेल्या पद्धतीने स्वीकृती आली नाही, तर प्रस्ताव देणाऱ्याने रास्त वेळात तसा आग्रह धरायला हवा. गप्प बसला तर आलेली स्वीकृती त्याने घेतली असं धरतात.

दीडशहाणा

एका 'मात्र'वर वर्षभराचं काम. व्याकरणाच्या तासाला झोपलो त्याचा आज पहिल्यांदा पश्चात्ताप होतोय.

पण सैतानाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. कंपनीतल्या माणसाने ईमेल उघडली, 'मात्र' वाचलं, वैतागला, पुढच्या फाइलला लागला. त्याच्या दृष्टीने ह्यांनी घासाघीस केली. साधा माणूस 'करता येईल का' हे नम्रपणे घातलेली अट म्हणूनच वाचतो. आपल्याकडे 'जरा सरकता का' म्हणजे चौकशी असते काय?

खरेदीखाते

हा मुद्दा मला पटतो आणि तोच त्रासदायक आहे. आमच्याकडे मराठी पत्रात कोणी थेट 'अट' लिहितच नाही. 'विनंती आहे', 'अपेक्षा आहे', 'कृपया विचार व्हावा'. वाचणारा अंदाज बांधतो. म्हणून मी नवीन मुलांना दोन पत्रं करायला सांगते. होकार द्यायचा तर एका ओळीचा, त्यात दुसरं अक्षर नको. सवलत मागायची तर वेगळ्या पत्रात, आणि त्यात लिहायचं की हे मान्य न झाल्यास मूळ प्रस्तावावरील आमचा हक्क कायम आहे. रुक्ष दिसतं. दिसू दे.

एकओळी

उत्तर दिलं नाही म्हणजे कंपनीला मान्यच होतं की. मौनं सर्वार्थसाधनम्!

काळाकोट

नाही हो. १८६२ मध्ये एका काकाने पुतण्याला लिहिलं होतं की काही कळवलं नाहीस तर घोडा माझा झाला असं धरतो. पुतण्या गप्प राहिला. कोर्टाने घोडा काकाला दिला नाही. समोरच्याच्या मौनातून होकार काढायचा अधिकार कोणी स्वतःला घेऊ शकत नाही. आयुर्विम्याच्या प्रस्तावाबाबत सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्ये हेच म्हटलं: प्रस्ताव आणि हप्त्याची रक्कम पोचली, विमा महामंडळ गप्प आहे, म्हणून पॉलिसी झाली असं होत नाही.

पानसुपारी

एक शंका. पत्रात 'सविस्तर करारनामा यथावकाश' असं आहे. म्हणजे तो होईपर्यंत सगळं कच्चंच ना?

काळाकोट

उत्तम शंका, ही कोणी कशी काढली नाही म्हणून मीच काढणार होतो.

'करारनाम्यावर सह्या होईपर्यंत कोणावरही बंधन नाही' असं लिहिणं वेगळं आणि 'करारनामा नंतर करू' वेगळं. पहिल्यात दार बंद. दुसऱ्यात अटी ठरल्या असतील तर करार झाला, करारनामा ही त्याची सुवाच्य प्रत. २०१० च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता निकालात हेच होतं: बॉक्साइटच्या पाच जहाजांचा प्रस्ताव १५ ऑक्टोबर २००७ ला ईमेलने गेला, १६ ला ईमेलनेच होकार आला. नंतर खरेदीदार म्हणाला, अंतिम करारनामा झालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. एकदा जुळलं की कागद बाकी असल्याने ते विरघळत नाही.

हेतुपत्राचं मात्र उलट असतं. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे 'पुढे करार करायचा विचार आहे', एवढंच. २००६ च्या ड्रेसर रँड निकालात तसं स्पष्ट आहे. तरी त्याच निकालात हेही आहे की पत्राचे शब्द पाहून ते प्रत्यक्षात स्वीकृतीपत्र ठरू शकतं. वरचं शीर्षक बघू नका, आतली क्रियापदं बघा.

टपालहंशील

अर्धवट पत्रांवर मोठे मोठे बुडाले आहेत. गेटी ऑइल या कंपनीने पेनझॉइलशी 'तत्त्वतः' व्यवहार ठरवला, मग टेक्साकोने जास्त भाव देऊन ती उचलली. टेक्साको म्हणत राहिली की पक्का करार झालाच नव्हता. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या ज्यूरीने टेक्साकोवर १०.५३ अब्ज डॉलरचा भार टाकला. १९८७ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं, अखेर ३ अब्जांवर मिटलं.

कागदीघोडा (धागाकर्ता)

वाचून छाती दडपली. आमचं काम त्यातल्या धुळीच्या कणाएवढं.

एक राहिलं. सहाव्या दिवशी मी फोन केला होता. पत्रावर ज्यांची सही आहे तेच बोलले. म्हणाले, '१५ दिवसांत नाही जमणार, पत्रात आहे तेच.' मी म्हटलं ठीक, भागीदाराशी बोलतो. लगेच त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, 'फोनवर बोलल्याप्रमाणे पैसे ३० दिवसांतच, पत्रातल्या मूळ अटी कायम.' त्यावर त्यांचा अंगठा आला. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं.

खरेदीखाते

अहो!!! हे आत्ता सांगताय?

दीडशहाणा

धागाकर्त्याला उलटतपासणीला उभं करा कोणीतरी.

काळाकोट

आता चित्र पालटलं. समजा तुमची ईमेल प्रतिप्रस्ताव होती, मूळ प्रस्ताव मेला होता. तरी सहाव्या दिवशी 'पत्रात आहे तेच' म्हणून त्यांनी तो पुन्हा उभा केला. कॅनडातल्या अल्बर्टामधला १९२५ चा निकाल बघा, लिव्हिंगस्टोन विरुद्ध इव्हान्स. जमीन १,८०० डॉलरला देऊ केली. खरेदीदार म्हणाला, कमीत कमी भाव कळवा, १,६०० रोख देतो. विक्रेता म्हणाला, भाव कमी करता येत नाही. खरेदीदाराने लगेच १,८०० ला होकार दिला. कोर्टाने सांगितलं, 'भाव कमी करता येत नाही' याचाच अर्थ १,८०० चा प्रस्ताव अजून आहे. हाइड आणि रेंचमध्ये नुसता नकार होता, इथे पहिल्या भावाचा पुनरुच्चार. परदेशी निकाल आहे, आपल्या कोर्टावर बंधन नाही, पण तर्क चोख आहे.

अंगठ्याबद्दल: २०२३ मध्ये कॅनडातच, सस्कॅचवानमध्ये, जवसाच्या खरेदीचा करार फोटो काढून पाठवला, शेतकऱ्याने फक्त अंगठा पाठवला आणि माल दिला नाही. त्याच्यावर ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई बसली. २०२४ मध्ये अपिलातही तेच राहिलं. तिथे दोघांचे आधीचे व्यवहार अशाच त्रोटक उत्तरांवर झालेले होते, हे महत्त्वाचं. तुमच्या बाबतीत अंगठ्याला 'होकार' म्हणायचीही गरज नाही. फोनवर काय बोलणं झालं याचा तो पुरावा म्हणून पुरेसा कामाचा.

दीडशहाणा

ते म्हणतील अंगठा म्हणजे 'मेसेज वाचला'.

काळाकोट

म्हणतील. मी त्यांचा वकील असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण त्यांना हेही सांगावं लागेल की 'मूळ अटी कायम' हे वाचून, ते चूक असेल तर, पाच दिवस कोणी का बोललं नाही.

कागदीघोडा, आता करायचं काय ते. एक, तो व्हॉट्सॲप संवाद पुसू नका, फोन बदलू नका, कॉलची नोंद जपा. दोन, कुरियरची पोच काढून ठेवा. तीन, साध्या भाषेत पत्र द्या: प्रस्तावाचा दिनांक, सहाव्या दिवसाचं बोलणं आणि संदेश, अकराव्या दिवसाची बिनशर्त स्वीकृती, बाराव्या दिवशी मिळालेली माघार. राग नको, विशेषणं नकोत. चार, घेतलेल्या माणसाला दुसऱ्या कामावर लावता येत असेल तर लावा. भरपाईचा हिशेब करताना कलम ७३ बघतं की नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं. त्याला वर्षभर बसवून पगार कंपनीच्या डोक्यावर टाकता येणार नाही. पुढचं प्रत्यक्ष कागद बघणाऱ्या वकिलाकडून. मी इथे टोपणनावाने बसलोय, हे विसरू नका.

खरेदीखाते

आणि पत्रात 'अन्यथा कोर्टात खेचू' लिहू नका. असं पत्र आलं की ते थेट विधी विभागात जातं आणि माझ्यासारखीला तुमच्याशी बोलायला बंदी होते. 'चर्चेची तयारी आहे' एवढं ठेवा. काम दुसऱ्याला दिलं असलं तरी आमच्याकडे नेहमी काहीतरी निघतं. तोडगा बरेचदा तिथे असतो.

पानसुपारी

वाचनखूण साठवली. आमच्या छापील कोटेशनवर 'मुदत' आणि 'मागे घेण्याचा हक्क राखीव' या दोन ओळी आजच घातल्या.

कागदीघोडा (धागाकर्ता)

काल पत्र दिलं. तीन परिच्छेद, एकही विशेषण नाही, भागीदाराने दोन खोडली. माणसाला दुसरीकडच्या कामावर लावलाय. कंपनीतून आज फोन होता, 'भेटायला या' म्हणाले. जाताना काय बोलायचं नाही ते कळतंय, काय बोलायचं ते अजून नाही.

टपालहंशील

पत्र हातोहात दिलंत का? आवक शिक्का घेतलात ना दुसऱ्या प्रतीवर?

कागदीघोडा (धागाकर्ता)

घेतला. तारीख आणि वेळेसह.